खुराड्यातला जंत आणि औरंगपुऱ्यातली फाईल

छत्रपती संभाजीनगरचे जुने नाव एका जंताला मिळालेले आहे, हे फार थोड्या शहरवासीयांना ठाऊक असेल. मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातले प्रा. जी. बी. शिंदे यांनी 1969 मध्ये कबुतरांच्या कुळातील पक्ष्यांत सापडलेल्या एका पट्टकृमीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचे नाव ठेवले ‘कोटुग्निया औरंगाबादेन्सिस’. 2023 मध्ये शहराचे नाव बदलले. जंताचे बदलणार नाही. गावाची पाटी बदलली म्हणून प्राण्याचे शास्त्रीय नाव बदलण्याची सोय प्राणिशास्त्राच्या नियमांत नाही. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढेही पक्षी, शेळ्यामेंढ्या, मासे यांच्या आतड्यांतले कृमी शोधून त्यांची नोंद केली. जंतांचा एवढा अभ्यास ज्या शहरात झाला, तिथली परसातली कोंबडी मात्र आजही बहुधा विष्ठा न तपासताच जंताचे औषध पिते.

रीत सगळीकडे सारखीच. कोंबडी सुकायला लागते, तुरा फिका पडतो, अंडी घटतात, पातळ शिट दिसते. शेजारचा जाणकार सांगतो, ‘जंत झालेत, औषध पाजा.’ दुकानातून शेळ्यांसाठीची बाटली येते, नाहीतर घरातल्या मुलाची शाळेतून मिळालेली गोळी कुटून पाण्यात टाकली जाते. मात्रा म्हणजे एक टोपण किंवा अर्धी गोळी, अंदाजपंचे. कोंबडी सुधारली तर औषध गुणाचे, मेली तर ‘रोगच वाईट होता’. नेमका कोणता रोग होता, हे दोन्ही वेळा कुणालाच कळत नाही.

हा प्रश्न आता किरकोळ राहिलेला नाही. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात 85 कोटींहून अधिक कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यातले सुमारे 31 कोटी 70 लाख परसातले होते आणि 2012 च्या तुलनेत ही परसातली संख्या सुमारे 46 टक्क्यांनी वाढली होती. मोठ्या व्यावसायिक फार्मवरची वाढ त्या मानाने अगदीच थोडी, पाच टक्क्यांच्याही आत. या वाढीला सरकारी योजनांचाही हातभार आहे. आपल्याकडे 50 टक्के अनुदानावर एक दिवसाच्या 100 पिल्लांचा किंवा आठ-दहा आठवड्यांच्या 25 तलंगा आणि 3 नरांचा गट दिला जातो. राज्यात पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या जाती आता खेडोपाडी ओळखीच्या झाल्या आहेत.

पक्षी वाटले जातात, राणीखेत रोगावरची लासोटा लस दिली जाते. जंतांचा विषय मात्र ‘दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे’ या पत्रकातल्या एका ओळीवर संपतो. ती ओळ अगदीच चुकीची नाही, पण पुरेशी नाही. कोणता जंत, किती, आणि मुळात जंतच आहे का, यातले काहीच ती विचारत नाही.

कोंबडीच्या पोटात एकाच जातीचा जंत नसतो. सगळ्यांत ठळक म्हणजे मोठा गोलकृमी, अॅस्कॅरिडिया गॅली. बोटाएवढा लांब, पिवळसर पांढरा, लहान आतड्यात राहणारा. त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात, ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि चरणारी कोंबडी ती टिपते. पोटात गेल्यापासून जंत मोठा होऊन स्वतः अंडी घालू लागेपर्यंत पाच ते आठ आठवडे जातात. खरे नुकसान याच मधल्या काळात होते, कारण अळ्या आतड्याच्या अस्तरात शिरलेल्या असतात. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना हा जंत सर्वाधिक छळतो. मोठी कोंबडी बरेच सोसते, पण जंत फार झाले तर आतडे अक्षरशः तुंबते.

दुसरा हेटेराकिस, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा, आंधळ्या आतड्यात राहणारा. कोंबडीला तो फारसा त्रास देत नाही, पण त्याच्या अंड्यातून हिस्टोमोनास नावाचा सूक्ष्मजीव पसरतो आणि तो टर्कीचा जीव घेतो. हल्ली हौसेने कोंबड्यांबरोबर टर्की पाळणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी खूप.

तिसरे पट्टकृमी, म्हणजे रायलिएटिना आणि त्याचे भाईबंद. यांची अंडी कोंबडीने थेट टिपून उपयोग नसतो. आधी ती मुंगीच्या किंवा भुंगेऱ्याच्या पोटात जावी लागतात. मग तो किडा कोंबडी खाते. मराठवाड्यातल्या अंगणात मुंग्यांना तोटा नाही आणि उकिरड्यावर भुंगेऱ्यांना. या जंताची एक जात आतड्याच्या भिंतीत डोके रुतवून बसते, तिथे गाठी येतात. मेलेली कोंबडी फाडून पाहणाऱ्याला त्या क्षयाच्या गाठी वाटू शकतात.

एकाला लागू पडणारे औषध दुसऱ्याला पडेलच असे नाही. पाइपेराझिन स्वस्त आहे, वर्षानुवर्षे वापरात आहे, पण त्याचा उपयोग मुख्यतः मोठ्या गोलकृमीच्या पूर्ण वाढलेल्या जंतांवर. पट्टकृमी त्याला दाद देत नाही. लेव्हामिसोल गोलकृमींवर चालते. पट्टकृमीसाठी प्रॅझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड लागते. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल यांचा पल्ला मोठा आहे, पण प्रत्येक जंतासाठी मात्रा वेगळी. तेव्हा जंत कोणता हे न पाहता बाटली उघडणे म्हणजे निम्मा जुगार.

आणि कधीकधी पूर्णच. सहा आठवड्यांची पिल्ले पंख पाडून बसली आहेत, शिटेत रक्त आहे. हे बहुतेक वेळा जंताचे काम नसते. ती रक्ती हगवण, कॉक्सिडिया नावाच्या एकपेशीय जीवांची. जंताच्या कुठल्याही औषधाने ती बरी होत नाही. तिला अॅम्प्रोलियम किंवा सल्फा गटाचे औषध वेळेवर लागते. दोन दिवस जंतनाशक पाजण्यात गेले की तिसऱ्या दिवशी खुराडे रिकामे. गंमत अशी की ज्या काचपट्टीवर जंताची अंडी दिसतात, त्याच काचपट्टीवर कॉक्सिडियाही दिसतात. एका तपासणीत दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात आणि आपण तीच टाळतो.

ही तपासणी अवघड असेल असे वाटते. तशी ती नाही. लिटरभर गरम पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत टाकायचे, साधारण 400 ग्रॅम पुरते. तीन ग्रॅम ताजी विष्ठा या पाण्यात कालवायची, चहाच्या गाळणीने गाळायची, परीक्षानळीत काठोकाठ भरायची आणि वर कव्हरस्लिप ठेवायची. जंताची अंडी या खारट पाण्यापेक्षा हलकी असतात. पंधरा-वीस मिनिटांत ती वर येऊन काचेला चिकटतात. कव्हरस्लिप उचलून काचपट्टीवर ठेवली आणि शंभरपट मोठे करून पाहिले की गोलकृमीचे लंबगोल, जाड कवचाचे अंडे दिसते. लिंबासारखे, दोन्ही टोकांना बूच लावल्यागत दिसले तर तो कॅपिलेरिया नावाचा आणखी एक जंत. किती अंडी आहेत हे मोजायचे असेल तर मॅकमास्टर नावाची रेघा आखलेली काच वापरतात. सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत मेंढ्यांसाठी तयार झालेली ही युक्ती आज जगभर सगळ्या जनावरांसाठी चालते. तीन ग्रॅम विष्ठा, 42 मिलिलिटर पाणी, दोन्ही चौकटींत दिसलेल्या अंड्यांना 50 ने गुणायचे. एका ग्रॅममागे किती अंडी, ते कळते.

नमुना घेणे हेच खरे कौशल्य, आणि तेही घरच्या माणसाला सहज जमणारे. सगळ्या कोंबड्यांचा मिळून एक नमुना चालतो. सकाळी खुराड्याखालून दहा-बारा ठिकाणची ताजी शिट थोडी थोडी उचलायची. त्यात पांढरी टोपी असलेली नेहमीची शिट हवी आणि चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची आंधळ्या आतड्याची शिटही हवी. ही दुसरी पाहून पुष्कळ लोक हगवण समजतात. ती अगदी नेहमीची असते. झाकणाच्या डबीत भरून, नाव-तारीख लिहून, त्याच दिवशी द्यायची. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नको. (घरातल्या गृहिणीशी हा विषय आधीच बोलून घ्यावा, हे उत्तम.)

तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पट्टकृमीची अंडी या पद्धतीत नीट तरंगत नाहीत. त्याचे भातासारखे पांढरे तुकडे शिटेवर डोळ्यांनीच शोधावे लागतात. अळ्या अजून आतड्याच्या अस्तरात असतील तर अंडी दिसणारच नाहीत, कोंबडी मात्र आजारी असेल. आकडाही रोज सारखा नसतो. एवढ्या अंड्यांना औषध आणि त्याखाली नको, अशी सर्वांनी मानलेली रेषा कोंबड्यांसाठी नाही. म्हणून आकड्याबरोबर पक्षी हातात घेऊन छातीचे हाड किती टोकदार लागते ते पाहावे लागते. कळपातली एखादी कोंबडी अशीच झिजून मेली तर पशुवैद्यकाकडून तिचे शवविच्छेदन करून घेणे हा सगळ्यांत पक्का पुरावा.

मात्र एकाएकी पाच-सात पक्षी मेले तर घरी चाकू लावू नये. 2006 मध्ये नवापूरला आणि जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लूने काय केले, ते मराठवाडा-खानदेश विसरलेला नाही. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा 1962 हा टोल फ्री क्रमांक.

आता एक आक्षेप. शाळेतल्या मुलांना कुठे विष्ठा तपासून गोळी देतात? 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि 1 ते 19 वर्षांच्या मुलांना सरसकट अल्बेंडाझोल मिळते. मग कोंबडीचेच एवढे लाड का? आक्षेप बिनतोड वाटतो, पण मुलांची अंडी कुणी खात नाही. कोंबडीला दिलेले औषध काही दिवस अंड्यात आणि मांसात उतरते. युरोप-अमेरिकेत पाण्यातून द्यायचे फेनबेंडाझोलचे एक खास औषध अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी मंजूर आहे: वजनाच्या किलोमागे 1 मिलिग्रॅम, सलग 5 दिवस, आणि त्या मात्रेत अंडी फेकावी लागत नाहीत. शेळीच्या बाटलीतले टोपणभर औषध म्हणजे ते नव्हे. ‘गावरान’ म्हणून चढा भाव देणाऱ्या गिऱ्हाइकाला अंड्यासोबत औषधही मिळत असेल तर त्या भावाला अर्थ नाही. अंडी किती दिवस विकायची नाहीत, हे औषध देतानाच पशुवैद्यकाला विचारून घ्यायला हवे.

दुसरे कारण औषध निकामी होण्याचे. अमेरिकेत टर्कीतल्या गोलकृमीवर फेनबेंडाझोल चालेनासे झाल्याचे 2019 मध्ये नोंदले गेले. शेळ्यामेंढ्यांच्या जंतांबाबत हा अनुभव आपल्या देशालाही आहे. कमी मात्रा वारंवार देणे हा जंत धीट करण्याचा हमखास मार्ग, आणि अंदाजाने टोपण ओतताना नेमके तेच घडते. तीन किलोचा नर आणि सव्वा किलोची तलंग एकाच भांड्यातले पाणी पितात. कोण किती प्यायले ते देव जाणे. त्यापेक्षा कापडी पिशवीत कोंबडी घालून ताणकाट्याला अडकवावी. ती आत गप्प बसते, वजन कळते, आणि औषध ड्रॉपरने चोचीत मोजून देता येते. दहा-वीस पक्ष्यांना तासभर लागतो. अळ्यांवर औषधाचा जोर कमी पडत असल्याने दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते, ती बहुतेक जण विसरतात. घरात कबुतरे असतील तर आणखी एक सावधगिरी: फेनबेंडाझोल कबुतरांना विषारी ठरू शकते.

लसूण, हळद, कडुलिंब यांच्यावर भिस्त ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पळसाच्या बियांतले पॅलासोनिन हे द्रव्य कोंबडीच्या गोलकृमीवर प्रयोगशाळेतल्या बशीत परिणाम करते, हे संशोधनात दिसलेले आहे. बशीतला जंत आणि आतड्यातला जंत यांत मात्र फरक आहे. पळसपापडी द्यायची तर द्यावी, पण आधी आणि नंतर विष्ठा तपासून. म्हणजे निदान गुण आला की नाही ते कळेल.

औषधाइतकेच जमिनीकडे पाहायला हवे. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका पाहणीत मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पक्ष्यांत मोठा गोलकृमी सापडला. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. मोकळे चरणे पक्ष्याच्या सुखाचे, तसेच जंताच्याही सोयीचे. आपल्याकडे मराठवाड्याचे ऊन मदतीला येते. एप्रिल-मेच्या रखरखीत उन्हात उघड्या जमिनीवरची अंडी वाळून मरतात. पाण्याच्या भांड्याखालची ओल, गोठ्यामागची सावली आणि उकिरडा इथे ती टिकतात, आणि मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा पसरतात. फिनाईल किंवा चुना शिंपडून त्यांचे फारसे बिघडत नाही. खुराड्यातला भुसा काढून उन्हात पसरणे, भांड्याची जागा बदलत राहणे आणि उकळते पाणी हेच उपाय. रविवारी जाफर गेटच्या बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवणे, हाही.

यातून तपासणीची वेळ आपोआप ठरते. जूनमधला पाऊस आणि त्यानंतरचे आठ-दहा आठवडे म्हणजे श्रावण. आखाडात बरेच पक्षी तसेही कमी झालेले असतात. श्रावणात पुष्कळ घरांत कोंबडी कापली जात नाही, अंड्यांचा खपही मंदावतो. विष्ठा तपासावी, गरज दिसली तर औषध द्यावे आणि अंडी-मांसाचा वर्ज्य काळ या महिन्यातच काढून टाकावा, याहून सोयीचा मुहूर्त पंचांगात सापडणार नाही. दुसरी तपासणी पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर.

राहता राहिले, ही तपासणी करायची कुठे? इथे शहरातला औरंगपुरा येतो. जिल्हा परिषद औरंगपुऱ्यात, तिचा पशुसंवर्धन विभाग तिच्याच अखत्यारीत. सरस्वती भुवन महाविद्यालय औरंगपुऱ्यातच; प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मायक्रोस्कोप आणि जंताची काचपट्टी नवी नसते. पायी जाण्याच्या अंतरावर खडकेश्वरला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. परभणीला 1972 पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मीठ, गाळणी, काच, मायक्रोस्कोप आणि ते पाहू शकणारी माणसे, सगळे इथे आहे. नाही ती फक्त कोंबडीची विष्ठा तिथवर नेण्याची सवय आणि ती आणायला सांगणारा कागद. गाय-म्हैस दवाखान्यात जाते. तीनशे रुपयांच्या कोंबडीसाठी कोण जातो, असा विचार पालक करतो आणि कार्यालयही करते. पण सरकार पक्षी एकेकटा देत नाही, गटाने देते, आणि गटाचा नमुना एकच लागतो.

म्हणून मागणी छोटी आहे. अनुदानावर दिलेल्या प्रत्येक गटामागे वर्षातून दोन विष्ठा-नमुने मोफत तपासून द्यावेत, आणि ते गोळा करायला तालुक्याच्या आठवडी बाजाराचा दिवस ठरवावा. सोयगाव, कन्नड, वैजापूरच्या माणसाला डबी घेऊन औरंगपुऱ्याला यावे लागता कामा नये. काचपट्टी तयार करण्याचे काम महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. निदान आणि औषध मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाचेच. दोन हंगामांचे निकाल एकत्र केले तर कोणत्या तालुक्यात कोणता जंत, याचा जिल्ह्याला स्वतःचा नकाशा मिळेल आणि औषधखरेदीची फाईलही त्याच नकाशावरून ठरवता येईल.

तोवर कोंबड्या पाळणाऱ्याने या श्रावणात एवढे करावे: एक झाकणाची डबी, सकाळची ताजी शिट, त्यावर पक्ष्यांची संख्या आणि वय लिहिलेली चिठ्ठी, आणि जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. तिथे ‘औषध द्या’ असे न म्हणता ‘तपासून द्या’ असे म्हणावे.